उंबऱ्यापर्यंत समुद्र

श्ल्युट्झीलच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी होते तेव्हा माझं लक्ष आधी बोटीकडे गेलंच नाही, गेलं ते बंदराच्या मागे बांधात बसवलेल्या दरवाजांकडे. हिरवागार गवताळ बांध, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या, आणि मध्येच आतलं पाणी बाहेर सोडायची वाट. ओहोटी लागली की उघडायची, भरती चढली की बंद. मी पेण-अलिबागकडच्या खारेपाटातली, खाडीला बांध घालून काढलेल्या जमिनीवरची मुलगी, मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे याला उघाडी म्हणतात. आणि जर्मन भाषेत याला म्हणतात झील, म्हणजे त्या गावाच्या नावातच उघाडी बसलेली आहे. हॅम्बुर्गला राहून इतकी वर्षं झाली, रेल्वेच्या वेळापत्रकात, हवामानाच्या बातम्यांत, कुठेकुठे 'झील'वर संपणारी गावं वाचली असतील, पण ते नाव फोडून बघायचं कधी सुचलंच नव्हतं. तिथूनच बाबांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर, "दारं लाकडाची का लोखंडाची?"

मला जायचं होतं ग्रोडेला. ग्रोडे ही जर्मनीतली स्वतंत्र ग्रामपंचायत आहे, म्हणजे कागदोपत्री म्युनिच किंवा हॅम्बुर्गसारखीच वेगळी नोंद, स्वतःचा सरपंच, जिल्हा नॉर्डफ्रीसलांड, राज्य श्लेस्विग-होल्स्टाइन, आणि लोकसंख्या किती तर दहाच्या आसपास. दहा हजार नाही, दहा. क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटर. गावात सत्तरपेक्षा जास्त माणसं नसतील तर त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पंचायत सदस्य निवडायची भानगडच नसते, मतदानाचा हक्क असलेला प्रत्येक जण आपोआप सभागृह. निवडणुकीच्या रात्री जर्मनीत पहिला निकाल बहुतेक वेळा याच गावाचा लागतो, कारण मोजायला मतं असतात किती! दर वेळी टीव्हीवर एक छोटीशी बातमी होते आणि लोक पुढच्या मतदारसंघाकडे वळतात. मी पण अशीच एका निवडणुकीच्या रात्री ते नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि नकाशावर शोधलं तर किनाऱ्यापासून तुटलेला एक हिरवा ठिपका दिसला, ज्याच्या चारही बाजूंना निळं-करडं काहीतरी होतं, जे पाणी पण नव्हतं आणि जमीन पण नव्हती.

ते जे निळं-करडं आहे ना, ते वाट. वाट म्हणजे रस्ता नाही, जर्मन शब्द आहे, ओहोटीला उघडा पडणारा समुद्राचा तळ. आपल्याकडच्या खाडीतल्या चिखलवट्यासारखाच, फक्त इतका विस्तीर्ण की हॉलंडपासून डेन्मार्कपर्यंत जातो. त्यातला हॉलंड-जर्मनीचा बराचसा भाग २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, डेन्मार्कचा २०१४ मध्ये. भरती-ओहोटीत तीनेक मीटरचा फरक, त्यामुळे सहा तास समुद्र आणि सहा तास मैदान. आणि या मैदानात दहा बेटं आहेत ज्यांना हालिग म्हणतात. बेट म्हणताना जर्मन लोक तुम्हाला लगेच थांबवतात, हालिग म्हणजे बेट नव्हे. बेटाला बांध असतो किंवा वाळूच्या टेकड्या असतात, समुद्र बाहेर राहतो. हालिगला मोठा बांध नसतो. वादळ आलं की समुद्र सरळ वर चढतो, सगळं गवत, कुंपणं, रस्ते, सगळं पाण्याखाली जातं. त्याला त्यांनी शब्दच ठेवलाय, लांडउंटर, म्हणजे जमीन खाली गेली. ग्रोडेला हे वर्षातून कित्येकदा होतं, जास्त करून हिवाळ्यात. तेव्हा गावातलं दिसतं काय, तर पाण्यातून वर आलेली दोन टेकाडं आणि त्यांच्यावरची घरं, बास.

त्या टेकाडांना वार्फ्ट म्हणतात. माणसांनी रचलेली, माती-शेण-गवताच्या ढेकळांनी, शेकडो वर्षं थर चढवत चढवत. मी वाचताना सारखं 'टेकाड' म्हणत होते पण प्रत्यक्ष चढून गेले तेव्हा वाटलं की नाही, याला आपल्याकडे बरोबर शब्द आहे. जोतं. अख्ख्या वाडीचं मिळून एकच जोतं. ग्रोडेवर अशी दोन जोती उरलीत, क्नुट्सवार्फ्टवर राहती घरं आणि किर्शवार्फ्टवर चर्च, शाळेची जागा आणि गावाचं कब्रस्तान. एकेकाळी अजून बरीच होती, समुद्राने खाल्ली.

मला या जागेचं वेड कसं लागलं ते सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये, हॅम्बुर्गच्या विल्हेल्म्सबुर्ग भागात, खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. १९६२ च्या फेब्रुवारीत, १६ तारखेच्या रात्रीपासून १७ च्या पहाटेपर्यंत, उत्तर समुद्रातलं वादळ एल्बे नदीतून वर घुसलं आणि हॅम्बुर्गचे बांध जागोजागी फुटले. शहरात ३१५ माणसं गेली, त्यातली बहुतेक आमच्याच विल्हेल्म्सबुर्गमधली. हेल्मुट श्मिट, जे पुढे देशाचे चॅन्सेलर झाले, ते तेव्हा शहराचे पोलीस खात्याचे मंत्री होते आणि त्यांनी लष्कराची हेलिकॉप्टरं बोलावून लोक वाचवले, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. या आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. रात्रभर छपरावर बसून होत्या, आईच्या कोटात. त्यांनी मला एकदा जिन्यात उभं राहून जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, आम्ही शंभर किलोमीटर आत राहायचो, समोर बांध होता, म्हणून आम्ही झोपलो होतो. हालिगवरची माणसं त्या रात्री जागी होती, त्यांना बांधच नाही तर झोपणार कोणाच्या भरवशावर.

त्या दिवसापासून मी हालिगांबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता कळलं की मी माझ्या आज्याच्या जमिनीबद्दलच वाचतेय.

थोडं मागे जाते. बरंच मागे. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात याच किनाऱ्यावर, थोडा दक्षिणेला, आला होता आणि त्याने तिथल्या खाउकेन नावाच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय. म्हणतो, ही माणसं हाताने रचलेल्या उंचवट्यांवर झोपड्या बांधून राहतात, पाणी चढलं की गलबतात बसलेल्यांसारखी दिसतात आणि पाणी उतरलं की गलबत फुटलेल्यांसारखी. हाताने गोळा केलेला चिखल वाऱ्यावर वाळवून त्यावर अन्न शिजवतात, आणि प्यायला फक्त पावसाचं पाणी, घराच्या अंगणातल्या खड्ड्यात साठवलेलं. त्याला त्यांची कीव येते. आणि त्याला आश्चर्य वाटतं की रोमने जिंकलं तर हेच लोक म्हणणार आम्ही गुलाम झालो! मला मात्र प्लिनीचं आश्चर्य वाटलं. एवढं बारीक बघितलं, खड्ड्यातलं पाणी बघितलं, पण ज्या माणसाने समुद्राच्या मध्यात गोडं पाणी साठवायची युक्ती काढली त्याला तो बिचारा म्हणून मोकळा झाला.

तो खड्डा मी बघितला. म्हणजे त्याचाच नातेवाईक. क्नुट्सवार्फ्टच्या मधोमध एक गोल तळं आहे, घरं त्याच्या भोवतीने, तोंडं आत करून बसल्यासारखी. त्याला फेथिंग म्हणतात. पावसाचं पाणी उतारांवरून यात उतरायचं, ते गुरांसाठी, आणि माणसांसाठी वेगळी विटांची टाकी, ती झोड. आता समुद्राखालून पाइप आलेत, वीज पण आली आहे, फेथिंगवर कुणाचं पोट अवलंबून नाही. पण जुन्या काळी मोठ्या वादळात खारं पाणी जोत्यावर चढून फेथिंगमध्ये शिरलं की खरी आपत्ती ती असायची, घर वाचलं तरी दुसऱ्या दिवशी गाईला पाजणार काय? मी काठाशी वाकून बोट बुडवून चाखलं, मला राहवलं नाही. गोडं होतं, थोडं शेवाळाच्या वासाचं. दीडशे-दोनशे पावलांवर समुद्राचा काठ आणि इथे गोडं पाणी. आमच्या गावी खारेपाटात एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघत हंडे लावलेले असायचे, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही, ते आठवून घशात काहीतरी अडकलं.

आता इतिहासातला तो भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही हालिगं मुळात बेटं नव्हती, मोठी सलग जमीन होती, दलदलीची, खाली पीटचे थर म्हणजे कुजून दबलेल्या वनस्पतींची काळी माती. समुद्राचं पाणी मुरून ती माती खारट झालेली. मध्ययुगात या किनाऱ्यावरच्या फ्रिशियन लोकांनी शोधून काढलं की ही माती खणायची, वाळवायची, जाळायची, राख समुद्राच्या पाण्यात कालवून गाळायची आणि ते पाणी आटवायचं, की मीठ मिळतं. आपली मिठागरं उन्हावर चालतात, तिकडे ऊन कुठलं, तिकडे जमीनच जाळली. पैसा आला, गावं मोठी झाली. पण प्रत्येक पोत्यामागे जमीन तेवढी खाली गेली. वर शेतीसाठी चर काढून पाणी उपसलेलं, त्यानेही जमीन दबत गेली. आणि मग १३६२ च्या जानेवारीत, संत मार्सेलसच्या सणाच्या दिवसांत, जे वादळ आलं त्याला आजही तिकडे 'माणसांना बुडवणारं' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. रुंगहोल्ट नावाचं बंदराचं गाव त्यात गेलं. शेकडो वर्षं लोक म्हणायचे की ही दंतकथा आहे, पाण्याखालून घंटा ऐकू येतात वगैरे. २०२३ मध्ये झ्युडफाल हालिगजवळच्या चिखलात संशोधकांना मोठ्या चर्चच्या पायाच्या खुणा सापडल्या, ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद. कीलच्या आणि माइन्झच्या विद्यापीठातली माणसं चिखलात छोट्या गाड्यांवर मापनयंत्रं ओढत होती, ते फोटो मी बघितलेत. मला वाटतं दंतकथा म्हणून ज्याला आपण बाजूला सारतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी कुणाच्या तरी पणजीने डोळ्यांनी बघितलेल्या असतात.

नंतर १६३४. ११ ऑक्टोबरची रात्र. तेव्हा इथे श्ट्रांड नावाचं मोठं बेट होतं, घोड्याच्या नालासारखं, बांध घातलेलं, भरलेल्या कोठारांचं. एका रात्रीत बेटाचे तुकडे झाले, नुसत्या श्ट्रांडवर सहा हजारांवर माणसं मेली. आज नकाशावर पेलवोर्म आणि नॉर्डश्ट्रांड दिसतात ते त्याचे उरलेले तुकडे. आणि यानंतर जे झालं ते मला पुरापेक्षा जास्त लागलं. तिकडे बांधाचा जुना कायदा होता, फावड्याचा कायदा म्हणायचे. बांधाचा जो तुकडा तुमच्या नावावर त्याची दुरुस्ती तुमची. जमत नसेल तर त्या बांधात आपलं फावडं रोवायचं आणि निघून जायचं. जो कोणी ते फावडं उपटेल त्याचा बांध आणि त्याचीच मागची सगळी जमीन. म्हणीच होत्या तशा, जो बांध घालणार नाही त्याने वाट धरावी. तर १६३४ नंतर जे जगले त्यांच्याकडे ना माणसं उरली ना गुरं ना पैसा, बांध घालणार कोण? काही वर्षं वाट पाहून १६५२ मध्ये तिथल्या ड्यूकने हॉलंडच्या बाजूचे पैसेवाले आणि बांधकरी बोलावले, बांध घाला आणि जमीन तुमची. बांध झाला. नॉर्डश्ट्रांड परत पिकायला लागलं. पण ज्यांच्या आई-बापांच्या हाडांवर ते बेट होतं त्यांची जमीन गेली ती गेलीच, आपल्याच वावरात ते मजूर झाले. कायद्यात सगळं बरोबर बसत होतं.

हे मी लोकलमध्ये वाचत होते आणि माझं स्टेशन गेलं. कारण आमच्याकडे पण बांध हाच मालकीचा पाया. कोकणात खाजणात ज्याने बांध घालून जमीन काढली त्या शिलोत्रीच्या हिशोबाच्या गोष्टी आजा सांगायचा. बाहेरकाठा म्हणजे समुद्राकडचा मोठा बांध, त्याची राखण सगळ्या गावाने मिळून करायची, उधाणाच्या दिवसांत रात्री कंदील घेऊन फिरायचं, कुठे खेकड्याचं बीळ दिसलं की लगेच चिखलाचा गोळा. एका खेकड्याच्या बिळाने खांड जाते, म्हणजे बांध फुटतो, हे आज्याचं वाक्य. पुढे कायदे आले, १९४८ चा, मग १९७९ चा, बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली आणि गावाची ती रात्रीची फेरी हळूहळू बंद पडली. आमच्या खारीला खांड गेली तेव्हा मी नववीत होते. अर्ज झाले, पाहण्या झाल्या, फाइल एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेली, आणि खारं पाणी रोज दोनदा आत येत राहिलं. तीन वर्षांत तिथे तिवरं उभी राहिली. बाबा अजून तिला 'आपली शेती' म्हणतात.

तर परत ग्रोडेवर. हालिगवाल्यांनी श्ट्रांडसारखा बांध कधी घातला नाही, तेवढी माणसंच नव्हती. त्यांनी दुसरी गोष्ट केली जी मला अतिशय मोठी वाटते. जमीन वाटूनच घेतली नाही. कुरण सगळ्यांचं सामायिक. प्रत्येक घराचा हिस्सा एकरात नाही तर गवतात मोजायचा, एक गाय उन्हाळाभर खाईल एवढं गवत हे माप, आणि गवत कापायचे तुकडे वर्षावर्षाला फिरते. का? तर दर हिवाळ्यात समुद्र काठाचा लचका तोडून नेतो, जमीन नावानिशी वाटली असती तर काठावरचा माणूस भिकेला लागला असता आणि मधला मजेत राहिला असता. सामायिक असल्यामुळे समुद्राने जे नेलं ते सगळ्यांचं थोडं थोडं नेलं. मला हे वाचून आधी विश्वास बसेना. आमच्याकडे भावाभावांत वीतभर बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात, आणि ही माणसं म्हणतायत की नुकसान तरी सारखं वाटून घेऊ.

पुरुष मात्र सतराव्या-अठराव्या शतकात घरी नसायचेच. हॉलंड आणि हॅम्बुर्गच्या जहाजांवरून ग्रीनलँडकडे व्हेल मारायला जायचे, वसंतात गेले की शरदात परत, काही परत यायचेच नाहीत. मागे बायका गुरं, गवत, दूध, मुलं, म्हातारे आणि वादळं सांभाळायच्या. होगे हालिगवर त्या काळातल्या निळ्या डच टाइल्स लावलेली एक खोली आहे, सगळे ती बघायला जातात. १८२५ च्या फेब्रुवारीतल्या भयंकर पुरानंतर डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक तिथे नुकसान बघायला आला, हा मुलूख तेव्हा त्याच्याकडे होता, आणि खराब हवेमुळे त्याच घरात रात्रभर अडकला, म्हणून तिला राजाची खोली म्हणतात. ठीक आहे, राजा एक रात्र राहिला. त्या टाइल्सखालचे ओले पडदे आणि गाद्या वर्षानुवर्षं ज्यांनी वाळवल्या त्यांच्या नावाची खोली असायला हवी होती.

घरांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या हालिगवरच्या घराचं छप्पर भिंतींवर नसायचं, आतल्या लाकडी मेढींवर असायचं, आणि मेढी जोत्यात खूप खोल पुरलेल्या. लाटांनी भिंती फोडल्या तर फोडू देत, पाणी इकडून शिरून तिकडून जाऊ दे, वर माळा उभा राहतो, त्यात गवत भरलेलं असतं, माणसं तिथे चढून बसतात. १९६२ नंतर सरकारने मदत करून घरं नव्याने उभी केली तेव्हा प्रत्येक घरात वरच्या मजल्यावर एक आसऱ्याची खोली ठेवली, जी खोलवर पाया घेतलेल्या सिमेंटच्या खांबांवर स्वतंत्र उभी असते. घर वाहून गेलं तरी ती खोली राहणार. म्हणजे लाकडाच्या जागी सिमेंट आलं, युक्ती तीच. बाहेरून बघितलं तर साधं विटांचं घर, खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या. ज्या बाईंनी मला कॉफी दिली त्यांना विचारलं, ती खोली कशाला वापरता? म्हणाल्या, एरवी पोरांचे पलंग असतात तिथे, पाहुणे आले की पाहुणे. आणि मग अगदी सहज, जसं आपण मीटर कुठे आहे ते सांगतो तसं, जिन्याखालचा रबरी बुटांचा रॅक आणि दाराला लावायच्या फळ्या दाखवल्या.

आता ती गोष्ट जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

कॉफीनंतर मी काठावर गेले. जुलैचा शेवट होता, सगळ्या हालिगवर जांभळी फुलं, हालिगफ्लीडर म्हणतात, खारवटीत वाढणारं, दुरून बघितलं तर कुणी जांभळा धूर सोडलाय असं वाटतं. त्यात बाहेरून उन्हाळ्यापुरती चरायला आणलेली गुरं. हाबेल हालिग समोर दिसत होती, ती पण ग्रोडेच्याच हद्दीत येते, तिथे एकच घर आहे आणि उन्हाळ्यात पक्ष्यांचा एक राखणदार राहतो. ग्रोडेच्या काठाला दगड लावलेत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑयगेन ट्रेगर नावाच्या अभ्यासकाने हालिगं वाचवा म्हणून सारखं लिहून सरकारला जागं केलं तेव्हापासून ही काठ बांधायची कामं सुरू झाली. पण आतल्या बाजूला नागमोडी ओहोळ आहेत, प्रील म्हणतात त्यांना, आणि त्या ओहोळांचे काठ उघडे. ओहोटी होती. मी एका ठिकाणी उतरून गुडघ्यावर बसले आणि समोर, नाकासमोर, जमिनीचा उभा काप.

आणि त्यात थर. कागदाइतके पातळ. एक फिकट, बारीक वाळूचा, एक काळसर चिखलाचा, परत फिकट, परत काळा, मध्ये कुठे शिंपल्यांचा चुरा, कुठे पांढरी मुळं आरपार गेलेली. चिरोटा तळायच्या आधी सुरीने कापला की पापुद्रे दिसतात ना, अगदी तसं. मी नखाने एक पापुद्रा सोडवला तर तो सुटून आला, ओला, थंड, बोटांवर रेशमासारखा. प्रत्येक मोठ्या लांडउंटरला पाणी वर चढतं, गवतात अडकून थांबतं, आणि उतरताना आपल्याबरोबर आणलेला गाळ ठेवून जातं. असे पापुद्रे साठून साठून मी ज्याच्यावर उभी होते ती जमीन झालेली. समुद्र काठ खातो तो एका हाताने, आणि दुसऱ्या हाताने वर माती वाढतो. ग्रोडेच्या शेजारी आपेलांड नावाची वेगळी हालिग होती, ती अशाच गाळाने ग्रोडेला येऊन चिकटली, आता एकच आहे.

म्हणजे जो पूर आपण संकट म्हणतो तोच या गावाची जमीन उंच ठेवतो. आणि याची उलटी बाजू बांधाआड आहे, डोळ्याला दिसते. श्ल्युट्झीलहून आत जाताना बांधामागची शेतं बघा, जितका बांध जुना तितकं मागचं शेत खोल. समुद्र बंद केला तर गाळही बंद, वर पाणी उपसून माती दबते. शेकडो वर्षं राखलेली जमीन शेजारच्या उघड्या चिखलापेक्षा खाली जाऊन बसते. १३६२ ला, १६३४ ला हेच झालं होतं, बांधाआडची जमीन खाली गेलेली आणि बांध फुटल्यावर पाणी आत पडलं ते भांड्यात पडावं तसं.

हालिगवाले आता याच पेचात आहेत. काठाला दगड लावले तेव्हा काठ खाणं थांबलं, पण मध्यम उंचीची पाणी पण बाहेरच अडली. होगेसारख्या ठिकाणी तर उन्हाळी बांधही आहे, तिथे लांडउंटर ग्रोडेपेक्षा फार कमी होतं. अभ्यासकांनी मोजलं तर होगे आणि लांगेनेस या हालिगांवर गाळ इतका सावकाश चढतोय की भरतीची पातळी त्याच्यापेक्षा भराभर वाढतेय. म्हणून आता जोती अजून उंच करायची कामं चाललीत, आणि दुसरीकडे पाणी जास्त आत कसं घेता येईल यावर विचार चाललाय. इतक्या वर्षांच्या मेहनतीने बाहेर ठेवलेलं पाणी परत आत घ्या, हे शेतकऱ्याला सांगायचं म्हणजे सोपं नाही. लांडउंटर वाढलं की गवत कमी दिवस मिळतं, गुरं वेळेआधी वर आणावी लागतात, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि बाहेरच्या माणसाने तिथे तोंड उघडू नये असं मला वाटतं. पण त्या बाईंनी जाताना मला एक सांगितलं. हिवाळ्यात एक लांडउंटर येऊन गेला की त्या पाणी उतरल्यावर आधी बाहेर जातात आणि गवतावर किती चिखल बसलाय ते बघतात. चांगला बसला असेल तर बरं वाटतं.

परतीच्या बोटीत मी बाबांना फोन लावला. रेंज येत-जात होती. तिकडे रात्र झाली होती, जेवून अंगणात बसलेले. मी सांगत गेले, उघाडी, जोतं, तळं, गवताचा हिस्सा, फावड्याचा कायदा. फावड्याच्या कायद्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिथी विचारली, आज उधाण आहे की भांग, म्हणजे मोठी भरती की लहान? मी म्हटलं, इकडे तिथी कोण बघतं, छापील तक्ता मिळतो. तर म्हणाले, चंद्र तोच आहे ना. तिथीची पाऊणपट कर, आपल्याकडची भरतीची वेळ निघते, तुमच्याकडे त्याच्यात किती तास पुढे-मागे पडतं तेवढं एकदा बघून ठेव, मग तक्ता लागणार नाही. मी खरंच करून बघितलं नंतर. फरक एकदा पाठ केला की बऱ्यापैकी जुळतं.

मग मी त्या पापुद्र्यांचं सांगितलं. की बाबा, पाणी येतं तेव्हा माती पण घेऊन येतं, दर वेळी एक कागदाएवढा थर. आपल्या खारीत इतकी वर्षं रोज दोनदा पाणी येतंय, आणि तिवरं आहेत म्हणजे गाळ अडकणारच.

ते म्हणाले, "पायऱ्या होत्या गं तिथे, बांधावरून आत उतरायला. दगडी. चार."

एवढंच, आणि रेंज गेली.

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. ओहोटीची वेळ, तिवरांची मुळं वर आलेली, मध्ये चिखलात उभी खुपसलेली बांबूची काठी, काठीला चिखलाच्या रेषेवर बांधलेली लाल चिंधी. शेजारी जुन्या बांधाच्या दगडी पायऱ्या. दोनच दिसत होत्या.

खाली लिहिलं होतं, "पावसाळ्यानंतर परत बघतो."